दोन चकत्या, एकच कपाट

आष्टीत कोणाला "तुमच्याकडे बॅकअप किती आहे?" असे विचारले, तर उत्तर तासांत मिळते. "तीन तास." "नवी बॅटरी टाकली आहे, पाच तास निघते." बॅकअप म्हणजे इन्व्हर्टर, हे आमच्याकडे गृहीतच आहे. वर्षानुवर्षे भारनियमन सोसलेल्या गावाला, वीज गेल्यावर पंखा फिरत राहावा ही पहिली निकड वाटली, तर त्यात नवल नाही. पण त्याच इन्व्हर्टरवर चालणाऱ्या घरच्या संगणकात जे साठवले आहे त्याचा बॅकअप आहे काय, असे विचारले की समोरचा गृहस्थ क्षणभर थांबतो आणि बहुधा म्हणतो, "आहे की! सगळे सेव्ह केलेले आहे."

या 'सेव्ह' शब्दाने फार घोटाळा केला आहे. इंग्रजीत त्याचा अर्थ वाचवणे असाही होतो, त्यामुळे ते बटण दाबले की वस्तू वाचली, असे आपल्याला वाटू लागते. प्रत्यक्षात त्या बटणाने एवढेच होते की मजकूर हार्ड डिस्कवर लिहिला जातो. तेथे तो सुरक्षित आहे की नाही, हा प्रश्न त्या क्षणी सुरू होतो.

हार्ड डिस्क म्हणजे काय, हे विद्यार्थिमित्रांनी एकदा तरी डोळ्यांनी पाहावे. संगणक दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात निकामी झालेल्या डिस्का पडून असतात. त्यातली एक मागून आणावी आणि स्क्रू काढून उघडावी. आत आरशासारखी चकचकीत चकती दिसेल. तिच्यावर चुंबकीय पदार्थाचा अतिशय पातळ थर असतो. या थरातले सूक्ष्म भाग एका किंवा उलट दिशेने चुंबकित करून सगळी माहिती लिहिलेली असते. मेजावरच्या संगणकातील चकतीचा व्यास सुमारे साडेनऊ सेंटिमीटर असतो आणि ती बहुधा मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. परिघ सुमारे ३० सेंटिमीटर धरला, तर चकतीच्या कडेचा वेग सेकंदाला ३६ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १३० किलोमीटर होतो. या वेगाने पळणाऱ्या पृष्ठभागावर वाचणारे-लिहिणारे डोके केवळ काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असते. आपल्या केसाची जाडीच मुळी साठ ते ऐंशी हजार नॅनोमीटर भरते. चालू असताना डिस्कला जोराचा धक्का बसला आणि डोके चकतीला टेकले, तर तो थर खरवडला जातो आणि त्या जागी लिहिलेले कायमचे जाते.

१९५६ साली आय.बी.एम. कंपनीने पहिली हार्ड डिस्क विक्रीला आणली, तेव्हा २४ इंची ५० चकत्या मिळून तिच्यात सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आजच्या मोबाईलमधला एखादाच फोटो तेवढी जागा घेतो. तेव्हापासून क्षमता वाढत गेली आणि नुकसानीचे मापही तिच्याबरोबर वाढले. पूर्वी एक वही हरवली तर एक वही हरवे. आता एक चकती बिघडली तर घरातली सगळी कपाटे एकदम रिकामी होतात. नव्या संगणकांत चकतीऐवजी विद्युतभारावर चालणारी सॉलिड स्टेट डिस्क असते. ती धक्क्याला भीत नाही, पण बिघडते ती बहुधा काही पूर्वसूचना न देता. शिवाय तिच्यातून पुसलेला मजकूर परत मिळवणे अधिकच कठीण असते.

आता या कपाटात असते काय? सिनेमे, गाणी, खेळ हे सारे पुन्हा मिळेल. त्याची चिंता करू नये. काळजी करावी ती जे दुसरीकडे कोठेच नाही त्याची. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत लंबकाची वाचने हरवली, तर विद्यार्थ्याला रागावून मी ती पुन्हा घ्यायला लावतो. लंबक काही पळून जात नाही. पण आमचा तालुका अवर्षणाचा. एखाद्या शाळेने पर्जन्यमापक बसवून आठ-दहा वर्षे रोज सकाळी पावसाची नोंद केली आणि ती शाळेच्या एकुलत्या एका संगणकात ठेवली, तर त्या नोंदी पुन्हा घेता येतील काय? कालचा पाऊस आज मोजता येत नाही. आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या, शिक्षकांनी वीस वर्षांत जमवलेले प्रश्न, वडिलांनी ठेवलेला विहिरीच्या पाण्याच्या पातळीचा हिशेब हे सारे याच वर्गातले. आमच्या भागातली कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि सहा-सहा महिने घराला कुलूप असते. त्यांच्या घरी संगणक नसतो. त्यांच्यापुरता मोबाईल हाच संगणक, हीच हार्ड डिस्क आणि हाच फोटोंचा अल्बम. तो उसाच्या फडात पडला की मुलाच्या बाळपणाचे सगळे फोटो गेले. म्हणून बॅकअप हा श्रीमंतांच्या घरचा विषय आहे, हे मला मान्य नाही.

यावर सावध माणूस म्हणेल, "मी दोन प्रती ठेवतो. एक संगणकात आणि एक बाहेरच्या डिस्कवर." उत्तम. पण ती बाहेरची डिस्क असते कोठे? संगणकाला जोडलेली, किंवा त्याच टेबलाच्या खणात! येथे थोडे गणित करावे लागेल. वर्षभरात एक डिस्क बिघडण्याची संभाव्यता १/५० आहे असे केवळ उदाहरणासाठी धरू. दोन डिस्का स्वतंत्रपणे बिघडत असतील, तर दोन्ही एकाच वर्षी जाण्याची संभाव्यता १/५० गुणिले १/५०, म्हणजे १/२५०० होईल. हे वाचून कोणालाही हायसे वाटेल. पण या गुणाकारात एक अट लपलेली आहे आणि परीक्षेत विद्यार्थी नेमकी तीच विसरतात. ती अट म्हणजे घटना परस्परांपासून स्वतंत्र असल्या पाहिजेत. वीज पडली आणि तारेतून जास्त दाब आला, चोर आला, छत गळले, संगणकात व्हायरस शिरला, तर दोन्ही डिस्का एकाच वेळी जातात. अशा सामाईक संकटाची वार्षिक संभाव्यता १/१०० धरा. मग एकूण धोका १/१०० अधिक १/२५००, म्हणजे सुमारे १/९६ झाला. तिसरी डिस्क आणून त्याच खणात ठेवली, तरी तो १/१०० च्या खाली उतरत नाही. दहा आणल्या तरी नाही.

याउलट त्याच दोन डिस्कांपैकी एक दुसऱ्या गावी ठेवली तर? प्रत्येक ठिकाणी डिस्क बिघडण्याचा धोका १/५० आणि स्थानिक संकटाचा १/१००, मिळून ३/१००. दोन्ही ठिकाणी एकाच वर्षी असे होण्याची संभाव्यता ९/१०,०००, म्हणजे सुमारे १/११००. पैसे तेवढेच, डिस्का त्याच. एकीची नुसती जागा बदलली आणि धोका अकरा पटींनी घटला. माझ्या परिचयातल्या एका शिक्षकांनी हौसेने दोन डिस्का घेतल्या होत्या. मे महिन्यातल्या वळवाच्या एका संध्याकाळी दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर जळाल्या. त्यांच्या हिशेबात दोन प्रती होत्या. विजेच्या हिशेबात एकच होती.

हीच गोष्ट जगातल्या एका बलाढ्य कंपनीच्या बाबतीत घडली आहे, आणि तिची झळ आपल्या महाराष्ट्रालाही लागली. रायगड जिल्ह्यातल्या न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातले एक कंटेनर टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाकडे होते. २७ जून २०१७ रोजी तेथील संगणक बंद पडले आणि कंटेनरच्या हालचालींचे काम हातांनी करण्याची वेळ आली. मूळ घाव युक्रेनमध्ये पडला होता. तेथील हिशेबाच्या एका लोकप्रिय प्रोग्रॅमच्या सुधारित आवृत्तीतून 'नॉटपेट्या' नावाचा विध्वंसक प्रोग्रॅम सोडण्यात आला होता. तो पैशाची मागणी करी, परंतु पैसे भरूनही माहिती परत मिळण्याची सोयच त्याच्यात नव्हती. काही तासांत मर्स्कची जगभरची यंत्रणा कोलमडली.

कोणता कर्मचारी कोण आणि त्याला कोठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे मर्स्कचे सुमारे १५० संगणक देशोदेशी होते. प्रत्येकाकडे तीच नोंद होती आणि ते एकमेकांशी सतत जुळवून घेत असत. एक गेला तर उरलेल्यांवरून तो पुन्हा उभा करता येईल, अशी योजना होती. सगळे एकदम जातील हे कोणी धरलेच नव्हते. ते सगळे एकदम गेले. १५० प्रती होत्या, पण त्या एकाच दोरीत ओवलेल्या होत्या. बरीच शोधाशोध केल्यावर एक नोंद सुरक्षित सापडली, ती आफ्रिकेतल्या घाना देशातल्या कार्यालयात. तेथला संगणक का वाचला? कारण हल्ल्याच्या आधी तेथली वीज गेली होती! संगणक बंद होता, म्हणून तो दोरीतून सुटला. घानातून ती माहिती इंटरनेटने पाठवायची तर लाईन फार मंद. तेथल्या कोणाकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी घानाचा माणूस विमानाने नायजेरियाला गेला, विमानतळावर त्याने दुसऱ्या सहकाऱ्याच्या हाती हार्ड डिस्क दिली आणि तो ती घेऊन लंडनला पोहोचला. कंपनीचे नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरांच्या घरात गेले. लोडशेडिंगला शिव्या घालणाऱ्या आमच्यासारख्यांनी ही हकिगत जरूर ध्यानात ठेवावी.

घानाची ती डिस्क वाचली ती अपघाताने. आपल्या घरी हाच अपघात मुद्दाम घडवून आणता येतो. बॅकअपची डिस्क काम झाले की वायर काढून ठेवायची, बस्स. वायर नसलेल्या डिस्कपर्यंत व्हायरस पोहोचत नाही आणि विजेचा लोळही नाही.

मोबाईलवरच्या फोटोंबाबत येथेच सांगून टाकतो. "माझे फोटो आपोआप इंटरनेटवर जातात" असे विद्यार्थी सांगतात. पुष्कळ वेळा ती प्रत नसते, प्रतिबिंब असते. आरशासमोरची वस्तू उचलली की आरशातलीही नाहीशी होते. फोनमध्ये फोटो पुसला की तिकडचाही पुसला जातो. फार तर काही दिवस कचरापेटीत राहतो.

इंटरनेटवरच्या साठवणीला 'क्लाऊड' म्हणण्याची पद्धत आहे. नाव ढगाचे असले, तरी माहिती शेवटी जमिनीवरच्या कोणत्या तरी इमारतीत, कोणाच्या तरी डिस्कवरच असते. आणि इमारतीला आग लागते. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर लागलेली आग वरच्या मजल्यांवर पसरली. पाच जणांचे प्राण गेले आणि असंख्य फायलींची राख झाली. त्या कागदाच्या होत्या, म्हणून आपण कागदाला दोष दिला. पण २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियाच्या देजॉन शहरातील सरकारी माहिती केंद्राला आग लागली, तेव्हा सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामाची ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली. साठा फार मोठा म्हणून त्याची दुसरीकडे प्रत ठेवलेली नव्हती. संगणकविद्येत जगाच्या पुढे असलेल्या देशाची ही कथा. दोन्हीकडे दोष होता तो एकाच छताचा. क्लाऊड वापरू नये असे मी म्हणत नाही. ती दुसऱ्या गावची एक चांगली प्रत आहे. मात्र तीच एक प्रत असता कामा नये. जगातले अनुभवी लोक म्हणूनच तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी, असा सोपा नियम सांगतात.

आता शिक्षकांना थोडे कटू वाटेल असे बोलतो. शाळांतून संगणकाच्या तासाला आपण मुलांकडून चित्रे काढून घेतो, तक्ते भरून घेतो. बॅकअपची व्याख्याही पाठ करून घेतो. पण बॅकअप घेतला आणि त्यावरून हरवलेली वस्तू परत उभी केली, असे किती मुलांनी स्वतः केले आहे? माझ्या मते जो बॅकअप कधी उघडून पाहिला नाही, त्याला बॅकअप म्हणू नये.

'टॉय स्टोरी २' हा चित्रपट पुष्कळांनी पाहिला असेल. १९९८ साली तो तयार होत असताना पिक्सार कंपनीत कोणाकडून तरी पुसण्याची आज्ञा चुकीच्या जागी दिली गेली आणि पात्रे व देखावे भराभर नाहीसे होऊ लागले. बॅकअपच्या फिती काढल्या, तर त्यांवरची नोंद कित्येक दिवस नीट होतच नव्हती, हे तेव्हा कळले. गॅलिन सुसमन या तंत्रदिग्दर्शिका बाळंतपणामुळे काही काळ घरून काम करीत होत्या. त्यांच्या घरच्या संगणकात चित्रपटाची प्रत होती. तो संगणक ब्लँकेटांत गुंडाळून मोटारीने हळूहळू कचेरीत आणला आणि चित्रपट वाचला. मोठ्या कंपनीच्या यंत्रणेला जे जमले नाही, ते एका घरच्या संगणकाने केले, तेही केवळ तो दुसऱ्या जागी होता म्हणून.

तेव्हा हा प्रयोग वर्गात करावा. नववीच्या मुलांचे गट करावेत. प्रत्येक गटाने आपण केलेल्या कामाची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी आणि नंतर शिक्षकांनी मूळ फोल्डर गटासमोर पुसून टाकावे. मुलांच्या चेहऱ्याकडे त्या वेळी पाहावे! मग दुसऱ्याच संगणकावर ते काम पुन्हा उभे करायला सांगावे, घड्याळ लावून. फायलींची संख्या जुळते काय, प्रत्येक फाईल उघडते काय, हे तपासावे. पूर्वी गुणाकार तपासायला आपण नवाचा ताळा घेत असू. संगणकातही असा ताळा असतो. संपूर्ण फाईलवर ठरावीक गणित करून तो एक संख्या काढतो आणि फाईलमधले एक अक्षर बदलले तरी ती संख्या पार वेगळी येते. मूळ आणि प्रत यांचे ताळे जुळले की प्रत बिनचूक. नवाच्या ताळ्याला अंकांची अदलाबदल कळत नाही, याला कळते. अकरावी-बारावीच्या मुलांना यातच एक सुंदर प्रकल्प सापडेल.

प्रत आहे, पण वाचता येत नाही, हाही धोका असतो. मराठीच्या इतिहासात याचे उदाहरण आहे. श्रीचक्रधर स्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी विदर्भात ऋद्धिपूर येथे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात 'लीळाचरित्र' या ग्रंथात संकलित केल्या. मूळ पोथी पुढे परचक्राच्या धामधुमीत हरवली, तेव्हा अनुयायांनी आपापल्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा सिद्ध केला. साहजिकच पाठांत फरक पडले. त्यानंतर महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. ग्रंथ राहिले, परंतु पंथाबाहेरच्या वाचकाला ते शतकानुशतके बंद होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केली, तेव्हा कोठे ते भांडार अभ्यासकांना खुले झाले. आपणही बाहेरगावी ठेवायच्या डिस्कला पासवर्ड लावावा हे योग्यच. पण तो पासवर्ड कागदावर लिहून घरातल्या वडीलधाऱ्यांपाशी द्यावा; तुमच्या पासवर्डाची उकल करायला राजवाडे येणार नाहीत. फाईलही अशा साध्या प्रकारात ठेवावी की दहा वर्षांनी कोणत्याही संगणकावर ती उघडेल. आणि अगदी निवडक फोटो स्टुडिओतून कागदावर छापून घ्यावेत. त्यांना ना वीज लागते, ना पासवर्ड.

राहिला प्रश्न दुसरे गाव कोठून आणायचे याचा. तो आपल्याकडे फार पूर्वीच सुटलेला आहे. दिवाळीत आणि मे महिन्यात मुले मामाच्या गावाला जातातच. एक डिस्क मामाकडे ठेवावी, एक आपल्याकडे. दर सुट्टीत ताजी नेऊन ठेवावी आणि जुनी परत आणावी. मामाची डिस्क आपल्या कपाटात राहिली की त्याचेही काम झाले. डिस्कला काही हजार रुपये पडतात. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी निवडक गोष्टींपुरता चांगला पेन ड्राइव्ह घ्यावा, पण वर्षा-दोन वर्षांनी तो बदलावा.

३१ मार्च हा दिवस जगात 'बॅकअप दिन' म्हणून पाळतात. आपल्याकडे तेव्हा परीक्षा आणि हिशेबांची वर्षअखेर असते, कोणाला फुरसत नसते. मला विचाराल, तर खंडेनवमी अधिक सोयीची. त्या दिवशी घरोघरी हत्यारांची, अवजारांची पूजा होते आणि हल्ली संगणकालाही झेंडूचे फूल मिळते. हळद-कुंकू वाहण्यापूर्वी तासभर प्रत काढण्यात घालवावा. दिवाळीची सुट्टी पुढे तीनच आठवड्यांवर असते, म्हणजे डिस्क मामाकडे पोहोचायला फार उशीरही होत नाही. फक्त कुंकू वाहताना ते कीबोर्डवर न टाकता डब्यावर टाकावे.